धर्माजीच्या दोन डोळ्यांची होडी

चिंचणीच्या किनाऱ्यावर होडी रंगवायची म्हटलं की लोक धर्माजी तामोऱ्याच्याच दारात येत. पस्तीस वर्षं हे असंच चाललेलं. नारळी पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली, की वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांवरचे माडाच्या झावळ्यांचे झाप निघायचे, लाकूड घासूनपुसून कोरडं व्हायचं, आणि मग धर्माजी आपले डबे, अळशीचं तेल आणि चार बुरूस घेऊन हजर. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या उंच टोकावर, दोन डोळे, काठाखालून एक लांबलचक पांढरा पट्टा, आणि बाजूवर मालकाच्या मनात असेल ते चित्र. मासा, माड, सूर्य, कधी कधी मालकाच्या बायकोची हौस म्हणून मोरसुद्धा.

धर्माजीला सगळ्यात अभिमान होता तो त्या पांढऱ्या पट्ट्याचा. लाल, हिरवा कुणीही लावील, म्हणायचा तो. पांढरा लावून दाखवा. पांढरा म्हणजे कसा, तर सकाळच्या उन्हात त्याच्याकडे बघताना डोळे बारीक झाले पाहिजेत.

पण वयाच्या साठीनंतर एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. पांढरा रंग बिघडला. बोईसरच्या दुकानातून नवाकोरा डबा आणावा, झाकण उघडावं, तर आत रंग पिवळट. ताकात चहाचे चार थेंब पडावेत तसा. धर्माजी डबा घेऊन परत दुकानात गेला.

"शेट, हा माल जुना हाय."

दुकानदारानं डब्यात डोकावलं, मग धर्माजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूटपणे दुसरा डबा काढून दिला. तोही पिवळट. तिसराही तसाच. शेवटी धर्माजीनं स्वतःच तोड काढली. कपडे पांढरे करायला बायको नीळ वापरते, मग रंगाला का नाही? चिमूटभर नीळ तेलात खलून त्यानं पांढऱ्यात घातली, ढवळली, आणि रंग जरा ताळ्यावर आला. पुढच्या वर्षी दोन चिमट्या लागल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मूठभर.

साखरबाई, त्याची बायको, हे सगळं पाहत होती. घरातली नीळ संपते कशी हे तिला ठाऊक होतं. किनाऱ्यावरच्या होड्यांचे पट्टे वर्षागणिक निळे होत चाललेत, हेही तिला दिसत होतं. पण नवऱ्याला कसं सांगायचं? पस्तीस वर्षं रंगात हात बुडवलेल्या माणसाला, "अवो, हा पांढरा न्हाय," असं म्हणायला जीभ रेटेना. किनाऱ्यावरच्या इतरांचंही तेच. म्हातारा मन लावून काम करतो, चित्रं झकास काढतो, आणि निळा पट्टा काही वाईट दिसत नाही. लोक गप्प राहिले. एकट्या लाडकीनं एकदा बोलून पाहिलं. लाडकी म्हणजे चाळिशीची विधवा, नवऱ्यामागे स्वतःची होडी राखून होती आणि बाजारात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. ती म्हणाली, "काका, औंदा पट्टा लय निळा झालाय." धर्माजी म्हणाला, "तुजे डोळे तपासून घे, पोरी." विषय संपला.

तो पुन्हा निघाला सहासष्ट सालच्या दिवाळीत. धर्माजीची मुलगी नलू तारापुरात दिली होती. तिचा नवरा कमलाकांत तिथं चाललेल्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर, नकाशे काढायच्या ऑफिसात कामाला होता. मोठा हौशी जावई. पाडव्याला दोघं आली ती सासूसाठी साडी घेऊन. साखरबाईनं ती लगेच नेसली आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

धर्माजीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चांगली हाय. पन सणासुदीला असली मातकट साडी कशापायी?"

कमलाकांतचा चेहरा पडला. नलू म्हणाली, "बाबा, मातकट? जांभळी हाय ती! पिकलेल्या जांभळासारखी!"

धर्माजी हसला. पोरगी मस्करी करतेय असं त्याला वाटलं. मग त्यानं साखरबाईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. पदर हातात धरून ती हळूच म्हणाली, "जांभळीच हाय वो."

धर्माजी उठला, साडीचा पदर उन्हात नेला, डोळ्यापाशी धरला. माती. ओली माती, चिखलाच्या रंगाची. त्यानं पदर सोडला आणि पहिल्यांदाच, कुणी न विचारता, म्हणाला, "मंग माजंच कायतरी बिगाडलंय."

जानेवारीत पालघरला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. साखरबाई त्याला घेऊन निघाली. चिंचणीहून एस.टी.नं बोईसर, तिथून गाडी. उमरोळी येईपर्यंत धर्माजीनं तीनदा परत फिरायची भाषा केली, पण साखरबाईनं जेवणाचं फडकं मांडीवर घट्ट धरलं होतं, आणि ते तिच्या ताब्यात असेपर्यंत तो कुठं जाणार नव्हता.

शिबिरात तपासायला होती डॉक्टर पुष्पलता राऊत. केळवे-माहीमच्या बागायतदाराची मुलगी, मुंबईत शिकून आलेली आणि पालघरात दवाखाना काढलेली. तिशीच्या आसपासची, बोलायला मोकळी. तिनं बॅटरीचा उजेड डोळ्यांत टाकला आणि म्हणाली, "बाबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पिकलाय, तो आता काढू. डावा अजून थांबेल."

"दुखंल?"

"दुखणार नाही. त्रास नंतरचा. सात दिवस उताणं पडायचं, डोकं हलवायचं नाही."

आणि तसंच झालं. उजवा डोळा बांधलेला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. साखरबाई उशाशी बसून चमच्यानं पेज भरवायची आणि जगातल्या सगळ्या बातम्या सांगायची. धर्माजीला मान वळवायचीही सोय नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईनं स्वतः पट्टी सोडली. "हळूच उघडा. चष्मा दीड महिन्यानं मिळेल, तोवर सगळं धुरकट दिसेल. माझा हात दिसतो का?"

धर्माजी हाताकडे बघतच नव्हता. तो भिंतीकडे बघत होता. मग छताकडे. मग डॉक्टरीणबाईच्या कोटाकडे.

"ही नीळ कुनी टाकली?" त्यानं विचारलं.

"कुठं?"

"भिंतीला. तुमच्या कोटाला. सगळीकडं! कडा दिसत न्हायत, बाय, पन रंग बगा, रंग!" तो उठून बसायला लागला, साखरबाईनं त्याचा खांदा दाबला, आणि त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती तीच दिवाळीची साडी नेसली होती. धुक्यात उभी असल्यासारखी ती नुसता एक आकार होती. पण काय रंगाचा आकार! त्यानं हात पुढं केला आणि पदराला लावला.

"जांभळी," तो म्हणाला.

साखरबाई रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही लागली. डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेवर बसली. रोज वीस पट्ट्या सोडायची ती, पण पेशंट फार तर "दिसतंय" म्हणत. "बाबा, तुम्ही करता काय?"

"होड्या रंगवतो."

"असं होय!" तिचे डोळे चमकले. "मग नीट ऐका. डोळ्यात एक भिंग असतं. म्हातारपणी ते पिवळं पडतं, मग तपकिरी. इतकं हळूहळू, की माणसाला कळत नाही. त्यातून निळा-जांभळा आत येतच नाही. तुमच्या उजव्या डोळ्यातलं भिंग आम्ही काढून टाकलंय. डाव्यात अजून तेच जुनं आहे."

धर्माजीनं उजवा डोळा झाकला. जग चहात बुडालं. डावा झाकला, जग निळीत बुडालं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. दिवसभर त्याचा तोच उद्योग चालला. शेजारच्या खाटांवरचे लोक साखरबाईला हळूच विचारायला लागले, "यांचं डोकं बरं हाय ना?"

मार्चमध्ये चष्मा आला. तोवर डोळ्याला वारा-वाळू लागू नये म्हणून साखरबाईनं त्याला किनाऱ्यावर जाऊच दिलं नव्हतं. उजवीकडं जाड, फुगीर भिंग, डावीकडं साधी काच. दोन्ही डोळे एकदम उघडले की एकच माणूस दोनदा दिसायचा, एकदा लहान आणि एकदा मोठा, म्हणून धर्माजी शिबिरात मिळालेली हिरवी पट्टी आलटून पालटून एका डोळ्यावर ओढायचा. असा तो चिंचणीला उतरला आणि घरी न जाता तडक किनाऱ्यावर गेला. सकाळच्या होड्या नुकत्याच लागल्या होत्या. डाव्या डोळ्यावर पट्टी ओढून त्यानं पाहिलं.

पंचवीस होड्या. पंचवीस पट्टे. एकही पांढरा नाही. जुने आभाळासारखे, त्यानंतरचे मोरपिसासारखे, आणि गेल्या श्रावणातले तर असे गर्द निळे, की ते पाहून समुद्र फिका वाटावा. धर्माजी तिथंच वाळूवर बसला.

लाडकी टोपली घेऊन येत होती. तिनं टोपली खाली ठेवली. "काका, दिसाया लागलं?"

"लाडके, हे मी केलं?"

"मंग कुनी?"

"आनि तुमी सगळे बगत बसलात? तीन-तीन वर्सं?"

"मी सांगितलं व्हतं. तुमीच मला डोळे तपासाया सांगितलंत."

धर्माजीनं कपाळावर हात मारला. आणि मग त्याच्या पोटातून हसू आलं. पहिल्यांदा बारीक, मग असं की चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली. लाडकीही हसत खाली बसली. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "श्रावण येऊ दे. एकूनएक पट्टा पांढरा करून देतो. माजी चूक, मी निस्तरनार."

"काय करनार?" लाडकीचा आवाज चढला. "पांढरा? माज्या होडीला हात लावशीला तर बगा! अवो, पार एडवणचे लोक आमच्या होड्या लांबून वळखतात. दर्यात निळा पट्टा दिसला की म्हनतात, चिंचणीवाले आले."

आजूबाजूला चार माणसं जमली होती. त्यांनीही माना डोलावल्या. पांढरा कुणालाच नको होता.

"पन ती चूक हाय," धर्माजी कळवळून म्हणाला.

"असू दे. चांगली दिसते."

घरी आल्यावर त्याला जेवण जाईना. आपण जे ठरवून केलंच नाही ते लोकांना आवडतं, आणि जे करायचं होतं ते कुणाला नको, हे त्याला पटेना. पट्टी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर करत तो साखरबाईला विचारायचा, "यातला खरा कोनता?" ती म्हणायची, "माजे दोन्ही डोळे सारखेच दाखवतात, मला काय इचारता?" दोन दिवस हे ऐकल्यावर ती म्हणाली, "ज्या बाईनं हे करून ठेवलंय तिलाच जाऊन इचारा."

रविवार होता म्हणून कमलाकांतही बरोबर निघाला. जावयाला साडी मातकट दिसण्याचं खरं कारण कळल्यापासून सासऱ्याच्या डोळ्यांत फार रस वाटायला लागला होता.

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं सगळं ऐकून घेतलं. पंचवीस निळ्या होड्यांचं ऐकून तीही खूप हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "तुमचा प्रश्न मोठा आहे, बाबा. पुस्तकात एक गोष्ट वाचली होती, ती पडताळायला मला आजवर कुणी मिळालं नाही. माझ्या पेशंटांना रंगाबद्दल इतकं सांगता येत नाही. तुम्ही याल का जरा आत?"

आत डोळे तपासायची अंधारी खोली होती. खिडकीच्या फळीला बारीकशी फट. त्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येत होती. डॉक्टरीणबाईनं कपाटातून काचेचा एक तिकोनी तुकडा काढला, लोलक, कॉलेजच्या दिवसांत घेतलेला, आणि तो उन्हात धरला. समोर टेबलावर टाचणीनं लावलेल्या पांढऱ्या कागदावर रंग उतरले. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा.

"अगो बाय!" धर्माजी म्हणाला.

"आता डाव्या डोळ्यानं बघा, आणि जांभळ्याच्या अंगाला रंग जिथं संपतो तिथं पेन्सिलीनं रेघ मारा."

त्यानं हिरवा संपतो न संपतो तोच रेघ मारली. तिथून पुढं त्याला अंधारच होता. मग डॉक्टरीणबाईनं तिच्या नजरेला जिथं जांभळा संपला तिथं स्वतःची रेघ मारली. कमलाकांतचीही जवळजवळ तिथंच पडली.

"आता पट्टी बदला."

धर्माजीनं पट्टी बदलली, वाकला, पेन्सिल कागदावर ठेवली. डॉक्टरीणबाईच्या रेघेपाशी ती थांबली नाही. तशीच पुढं गेली, ओल्या वाळूवर खेकडा चालावा तशी हळूहळू, आणि दोन बोटं पलीकडं जाऊन तिथं रेघ उमटली.

"बाबा, तिथं काही नाही," कमलाकांत म्हणाला.

"नाय कसं? हा काय!" धर्माजीनं बोट ठेवलं. "लय फिका हाय. निळीची पुडी पान्यात सोडली, की पयला धूर उठतो ना, तसा. पांढऱ्यात जांभळा, जांभळ्यात पांढरा."

डॉक्टरीणबाईनं डोळे ताणून पाहिलं. तिला कोरा कागद दिसत होता. तिनं फट झाकली, कागद बदलला, लोलक जरासा हलवला, पुन्हा रेघा मारायला लावल्या. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा धर्माजीची रेघ तिच्या रेघेपासून तेवढ्याच दोन बोटांवर.

"आहे," ती पुटपुटली. "जांभळ्याच्या पलीकडेही उजेड असतो. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यातलं भिंग तो अडवतं, लहानपणापासून. यांच्या डोळ्यात भिंगच नाही."

कमलाकांत विचारात पडला होता. "पण खात्री कशी करणार? म्हणजे, बाबांवर विश्वास आहे, पण..."

"पन जावयाला पुरावा पायजे," धर्माजी म्हणाला.

"आमच्याकडं नकाशे छापायचा कागद असतो," कमलाकांत म्हणाला. "त्याच्यावर ऊन पडलं आणि मग तो पाण्यात धुतला, की जिथं ऊन लागलं तिथं निळा होतो. त्याला डोळा नाही, भिंगही नाही. तो खोटं बोलणार नाही. कापलेले तुकडे आम्ही टाकूनच देतो."

पुढच्या रविवारी तो तुकडे काळ्या कागदात गुंडाळून घेऊन आला. अर्धा तास, ऊन सरकेल तसा लोलक बोटभर फिरवत, डॉक्टरीणबाईनं रंगांची पट्टी त्या कागदावर एकाच जागी धरून ठेवली. हात दुखला की कमलाकांत धरायचा. धर्माजीच्या डाव्या डोळ्याची, डॉक्टरीणबाईची आणि धर्माजीच्या उजव्या डोळ्याची, अशा तीन रेघा आधीच मारून ठेवल्या होत्या. मग परातीत पाणी घेऊन कागद त्यात सोडला. तिघंही परातीवर वाकली.

तांबड्याच्या जागी कागद धुऊन पांढरा झाला. पिवळ्याच्याही. निळ्याच्या जागेपासून मात्र रंग चढायला लागला. डॉक्टरीणबाईची रेघ आली, रंग थांबला नाही. तो पुढं गेला, धर्माजीच्या रेघेपर्यंत गेला, आणि तीही ओलांडून आणखी अर्धं बोट पुढं जाऊन मग विरला.

कमलाकांतनं सासऱ्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मग जीभ चावली. जावयानं असं करायचं नसतं. पण धर्माजीचं तिकडं लक्षच नव्हतं.

"ह्यो कागद माज्यावर गेला की!" तो म्हणाला. "म्हंजे मलाबी सगळं दिसत नाय."

"कुणालाच दिसत नाही, बाबा. मधमाशीला म्हणे हा पलीकडचा उजेड चांगला दिसतो, पण तांबडा दिसत नाही. प्रत्येकाची फट वेगळी."

"मंग खरा पांढरा कोनता?"

डॉक्टरीणबाईनं ओला कागद उचलून उजेडात धरला. "ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "डोळा पिवळा झाला तरी मेंदू त्यातल्या सगळ्यात उजळ रंगाला पांढरा म्हणत राहतो. तुम्ही डब्याशी भांडलात, कारण तुमचा हात तुमच्या मेंदूपेक्षा जास्त हट्टी होता. एवढंच मला सांगता येईल."

परतीच्या गाडीत धर्माजी खिडकीशी बसला. उमरोळी गेल्यावर तो एकदम कमलाकांतकडे वळून म्हणाला, "तीन वर्सं मी काय बगत व्हतो ते तुमाला कुनालाच ठाव नाय. आनि सांगून कळनार नाय. पन काढून दाखवता येईल."

आषाढात त्यानं लाडकीला गाठलं. "तुजी होडी दे. पट्टा निळाच ठेवतो, पन एकाच अंगाला."

"आनि दुसऱ्या अंगाला?"

"दुसऱ्या अंगाला मी जसं बगत व्हतो तसं."

लाडकी कमरेवर हात ठेवून विचार करत उभी राहिली. मग म्हणाली, "मासळीला काय, होडी कशी का दिसंना. करा तुमाला काय करायचं ते."

उजव्या बाजूचं काम सोपं होतं. किनारा, चार माड, वाळूवर होड्या, पाण्यात उतरलेली निळ्या पट्ट्याची एक होडी, आणि पुढं टोपली घेऊन उभी असलेली जांभळ्या साडीतली बाई. ते त्यानं चार दिवसांत केलं. तेच चित्र डाव्या बाजूला काढायला तीन आठवडे लागले. आधी उजव्या डोळ्यावर पट्टी ओढायची, आणि काढलेल्या चित्रातली साडी जुन्या डोळ्यानं पाहायची. ती कशी दिसते हे मनात पक्कं धरायचं. मग पट्टी फिरवायची, आणि नव्या डोळ्याला अगदी तशीच दिसेल अशी माती डब्यात कालवायची. एक बोट लावायचं, पुन्हा पट्टी, पुन्हा तुलना. आभाळ खाकी झालं. माड काळपट. समुद्र शेवाळ्यासारखा. आणि पांढऱ्या फेसासाठी त्यानं कोऱ्या पांढऱ्यात थेंब थेंब पिवळा आणि तपकिरी घालत, ज्याच्यावरून दुकानदाराशी भांडून आला होता नेमका तोच रंग बनवला. तो जमला तेव्हा त्यानं जाऊन साखरबाईला सांगितलं, "आता मी मुद्दाम बिगाडतोय, तर केवढे कष्ट पडतायत बग!"

उजव्या अंगाला, आभाळाच्या वरच्या कडेला, वीतभर लाकूड मात्र त्यानं नुसतं तेल देऊन उघडं ठेवलं. लाडकीनं बोट दाखवलं. "इथं ऱ्हायलं."

"ऱ्हायलं नाय. तिथला रंग दुकानात मिळत नाय."

नारळी पौर्णिमेच्या सकाळी किनाऱ्यावर ही गर्दी. नारळ, ढोल, नव्या लुगड्यांतल्या बाया. डॉक्टरीणबाई पालघरहून आली होती, नलू आणि कमलाकांत तारापुराहून. लाडकीच्या होडीवरचे झाप काढले, आणि लोक आधी उजवीकडं गेले. तिथं टाळ्या पडल्या, "वा काका!" झालं. मग होडीला वळसा घालून लोक डावीकडं आले आणि एकेक जण चित्राशी वाकून बघायला लागला.

कुणी हसलं नाही. एक म्हातारी पुढं आली, अगदी जवळ गेली, आणि म्हणाली, "मंग? दोनी बाजू सारक्याच तर हायत." तिच्या सुनेनं दचकून तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईनं म्हातारीचा हात धरला, तिचं तोंड उन्हाकडं वळवून डोळे पाहिले, आणि सुनेला म्हणाली, "यांना या वर्षीच्या शिबिराला आण. नक्की आण." त्या दिवशी तिनं तिथं किनाऱ्यावर, होडीच्या सावलीत, मोतीबिंदूवाले आणखी दोघे हेरले.

साखरबाई डावीकडच्या चित्रापुढं उभी होती. त्या मातकट बाईकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. धर्माजी मागून आला.

"मी तुमाला अशी दिसत व्हते?" तिनं विचारलं.

"साडी तशी दिसत व्हती. आवाज तोच व्हता."

"आनि कंदी बोलला नाय."

"मला काय ठावं? मला वाटायचं, जगच तसं हाय. आनि तू तरी कुटं बोललीस? माजी नीळ आनून आनून दिलीस."

साखरबाईनं पदरानं तोंड झाकलं, पण खांदे हलत होते, आणि ती रडत नाही हे जवळ उभ्या असलेल्या नलूला बरोबर कळलं.

ढोल वाजला. चाळीस हातांनी होडी ढकलली. ती लाटांत शिरली, एकदा डावीकडं कलली, एकदा उजवीकडं, आणि किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांना ती कधी मातीची दिसली, कधी निळी. लाडकी गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती, "माज्या दोन होड्या झाल्या! एका होडीच्या दोन झाल्या!"

दुपारी धर्माजीच्या घरी नारळीभाताचं जेवण झालं. डॉक्टरीणबाईनं दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि हात धुताना म्हणाली, "बाबा, मला असंच एक चित्र लाकडाच्या फळीवर पाहिजे. अर्धं असं, अर्धं तसं. म्हातारी माणसं सांडतात, अडखळतात, मग घरचे चिडतात. त्यांना मी तासभर समजावते. ही फळी त्यांना एका मिनिटात समजावील."

"देतो. पन माजा डावा डोळा काढायच्या आधी करून घेतली पायजे. नंतर मला आठवनार नाय."

फळी आश्विनात झाली आणि डावा डोळा अडुसष्टच्या जानेवारीत. त्यानंतर दोन्ही डोळ्यांना एकच जग दिसायला लागलं आणि हिरवी पट्टी खुंटीला लागली. पहिले काही दिवस धर्माजीला चुकल्यासारखं झालं. मग श्रावण आला, आणि कामातून डोकं वर काढायला फुरसत राहिली नाही. पट्टे निळेच राहिले. आता मात्र तो ते निळ्या डब्यातून, नीट बघून, मुद्दाम निळे लावायचा.

ती फळी शिबिराच्या दारात टांगलेली असे, आणि शिबिर असलं की चार दिवस धर्माजी तिच्याखाली स्टुलावर बसलेला असे, जाड भिंगांचा चष्मा लावून. एकोणसत्तरच्या शिबिरात डोंगराकडचा बुधा नावाचा एक म्हातारा दारातून तीनदा परत फिरला. तिसऱ्यांदा धर्माजीनं त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. विडी दिली.

"भ्याव वाटतं?"

बुधानं मान हलवली. "लय दुकतं काय?"

"दुकत नाय. निस्तं उतानं पडायचं, सात दीस. पन बायको उशाला बसून बोलंल ते सगळं ऐकावं लागतं. मान हलवता येत नाय."

बुधानं त्याच्याकडे पाहिलं. मग मागं भिंतीशी बसलेल्या आपल्या बायकोकडे, पारूकडे, पाहिलं. तिच्या हातात गाठोडं होतं आणि ती आत्ताच काहीतरी सांगायला लागली होती. बुधा मोठ्यानं हसला, विडी कानामागं खोवली, आणि उठून आत गेला.